तलावांचे शहर का तापते?

एप्रिल महिना उजाडला की मुंबई परिसरातील वृत्तपत्रांत एक लहानशी चौकट नित्यनेमाने झळकू लागते. कुलाब्याचे कमाल तापमान अमुक, सांताक्रूझचे तमुक. ठाणे, डोंबिवली वा कल्याणहून रोज मुंबईला ये-जा करणाऱ्या नोकरदाराला मात्र हे आकडे कधीच आपले वाटत नाहीत. दुपारी मुंबईहून सुटलेली लोकल ठाण्याची खाडी ओलांडून पारसिकच्या डोंगरापलीकडे गेली, की दारातून अंगावर येणारा वारा बदलतो. तो कोरडा आणि झोंबरा होतो. हा बदल कळण्यासाठी तापमापकाची गरज भासत नाही. तथापि, सरकारी इशारे, शाळांच्या वेळा आणि आरोग्य यंत्रणेची सज्जता ही सारी तापमापकावरच ठरते. आणि तो तापमापक बव्हंशी समुद्राकाठी उभा आहे.

या उकाड्याला एक उपरोधाची किनारही आहे. ठाणे हे ‘तलावांचे शहर’ म्हणून ओळखले जाते. मासुंदा, कचराळी, उपवन, आंबेघोसाळे, सिद्धेश्वर, रायलादेवी अशी तलावांची मोठी नामावळी या शहराला लाभली आहे. कल्याणला काळा तलाव आहे, डोंबिवलीच्या भोवतालच्या प्रत्येक जुन्या गावाला स्वतःचे तळे होते. मुंबईची तहान भागवणारे जलाशयही बहुतांशी जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहेत. एवढे पाणी भोवती असताना हा पट्टा उन्हाळ्यात चाळिशी का गाठतो? पाणी हवा थंड ठेवते, हे शाळेत शिकवले जाते ते खोटे की काय? ते खोटे नाही. परंतु त्या नियमाला आकाराची, दिशेची आणि वेळेची अट आहे. ती अट विसरून केवळ ‘तलावांचे शहर’ या बिरुदावर विसंबणे या महानगराला महागात पडू लागले आहे.

मोठ्या पाण्याची किमया

विस्तीर्ण जलाशय आपल्या परिसराचे हवामान बदलतात, हे जगात अनेक ठिकाणी सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील मिशिगन सरोवर सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या संपूर्ण कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेथे वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात. सरोवरावरून आलेला हा वारा पूर्व किनाऱ्यावर वसंतात गारवा टिकवतो आणि शरदात ऊब. त्यामुळे फळझाडांचा मोहोर उशिरा येतो व उशिराच्या हिमकडाक्यातून वाचतो. त्या किनाऱ्यावर फळबागांचा अखंड पट्टा उभा राहिला तो याच कारणाने. पश्चिम किनाऱ्याला हे वरदान तितकेसे लाभत नाही. पाणी तेच असले, तरी वाऱ्याची दिशा ज्याच्या बाजूने, लाभ त्याचा.

पाणी हरपले की काय होते, याचे उदाहरण मध्य आशियातील अरल समुद्राने घालून दिले. नावाने समुद्र असला तरी हे एक अंतर्गत सरोवर; १९६० च्या सुमारास त्याचा विस्तार सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर होता आणि जगातील सरोवरांत त्याचा चौथा क्रमांक लागत असे. कापसाच्या शेतीसाठी तत्कालीन सोव्हिएत राजवटीने आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कालव्यांत वळवले. २००७ पर्यंत सरोवर मूळ आकाराच्या दहा टक्क्यांवर आले. मासेमारी बुडाली, मुयनाकसारख्या बंदरातील बोटी वाळवंटात रुतून पडल्या, हे सर्वश्रुत आहे. त्यापेक्षा कमी बोलला गेलेला परिणाम म्हणजे आजूबाजूच्या प्रदेशाचे उन्हाळे अधिक तापू लागले आणि हिवाळे अधिक गोठवू लागले. पाणी दोन्ही टोके आवरून धरत होते. ते गेल्यावर टोके मोकळी सुटली.

यामागचे विज्ञान सोपे आहे. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास लागणारी उष्णता तेवढ्याच वजनाच्या काँक्रीटला लागणाऱ्या उष्णतेच्या चार-पाचपट असते. शिवाय उष्णता पाण्यात खोलवर पसरते, जमीन मात्र वरचेवर तापते. त्यातच पृष्ठभागावरून बाष्प होताना पाणी मोठ्या प्रमाणावर उष्णता शोषून घेते. त्यामुळे पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते.

कुलाबा आणि सांताक्रूझ यांतील धडा

या नियमाचा प्रत्यय घेण्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. मुंबईतील दोन वेधशाळांच्या नोंदी पुरेशा आहेत. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची; ती जवळजवळ तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेल्या भूशिरावर आहे. सांताक्रूझ तेथून उत्तरेला, किनाऱ्यापासून थोडे आत. कुलाब्याचे आजवरचे सर्वोच्च तापमान ४०.६ अंश सेल्सिअस, १९ एप्रिल १९५५ चे. सांताक्रूझचे ४२.२ अंश, १४ एप्रिल १९५२ चे. नीचांकाकडे पाहिले तर अंतर अधिकच ठळक होते. २२ जानेवारी १९६२ या एकाच दिवशी कुलाब्याला ११.७, तर सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले. म्हणजे कुलाब्याच्या उच्चांक-नीचांकांत सुमारे २९ अंशांचे अंतर, तर सांताक्रूझमध्ये जवळजवळ ३५ अंशांचे. एकाच शहरात, समुद्रापासून काही किलोमीटर आत सरकताच, दोन्ही टोके अशी ताणली जातात.

हाच धागा पुढे पूर्वेकडे नेला तर ठाणे आणि कल्याणचे कोडे सुटू लागते. अरबी समुद्राच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत ठाणे शहर पंधरा-सतरा किलोमीटर, तर कल्याण सुमारे तीस किलोमीटर आत आहे. अंतर फार नाही; पण वाटेत भूगोल आडवा येतो. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची रांग. पूर्वेला खाडी, तिच्यापलीकडे पारसिकचा डोंगर. त्या डोंगराआड उल्हास नदीचे खोरे, आणि त्या खोऱ्यात डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी वस्तीची सलग रांग. आग्नेयेला मलंगगड आणि माथेरानचे डोंगर आहेत. हा भाग म्हणजे तिन्हीकडून थोडाफार झाकलेला एक खोलगट पट्टाच होय. हिवाळ्यात पहाटे बदलापूर-कर्जतकडे थंडी कडक पडते आणि मार्च ते मे या काळात तोच पट्टा होरपळतो, ही एकाच नाण्याची दोन रूपे आहेत.

सारे काही वेळेवर अवलंबून

उन्हाळ्यात या परिसराचे तापमान सूर्य जितके ठरवतो, तितकेच खारा वारा किती वाजता येतो हेही ठरवते. सकाळी जमिनीकडून, म्हणजे पूर्व वा ईशान्य दिशेने कोरडी हवा वाहत असते. सूर्य वर चढला, जमीन तापली की समुद्रावरील तुलनेने थंड हवा आत ओढली जाते. हाच खारा वारा. सर्वसाधारणपणे सकाळी अकरा-बाराच्या सुमारास तो मुंबईच्या किनाऱ्यावर प्रस्थापित होतो आणि पारा तेथेच अडतो. ज्या दिवशी पूर्वेकडील वारे जोरकस असतात, त्या दिवशी खारा वारा दुपारी दोन-अडीचपर्यंत रेंगाळतो. तेवढ्या अवधीत मुंबईचे तापमानही चार-पाच अंशांनी उसळी घेते. १६ एप्रिल २०२४ रोजी सांताक्रूझला ३९.७ अंशांची नोंद झाली, तेव्हा मुंबई, ठाणे आणि रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा तसाच इशारा द्यावा लागला. २०२५ मध्ये तर फेब्रुवारी सरण्याआधीच, हिवाळा कागदोपत्री संपलेला नसताना, मुंबई-ठाण्याला असा इशारा मिळाला.

मुंबईला जो वारा उशिरा मिळतो, तो कल्याणला त्याहून उशिरा मिळतो. किनाऱ्यावरून निघालेला वारा मुंबईच्या इमारतींवरून, तापलेल्या रस्त्यांवरून, येऊर आणि पारसिकचे अडथळे ओलांडून उल्हासच्या खोऱ्यात पोहोचेपर्यंत आणखी तास-दोन तास जातात. वाटेत तो स्वतःही तापतो. डोंबिवलीत वारा सुटेपर्यंत दुपार कलती झालेली असते आणि पाऱ्याने आपला उच्चांक गाठलेला असतो.

पूर्वेकडील हवेचे वेगळे वैशिष्ट्य आहे. ती दख्खनच्या पठारावरून सह्याद्री उतरून कोकणात येते. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर हजार मीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेवढ्या उंचीवरची हवा घाट उतरून थेट तळाशी आली, तर केवळ उतरण्यामुळेच ती पाच-साडेपाच अंशांनी अधिक उष्ण होईल. पठारावर ३७ अंश असताना घाटपायथ्याला ४२ अंश का असतात, याचे उत्तर यात आहे. कर्जत, बदलापूर, मुरबाड ही गावे या उताराच्या ऐन तोंडाशी वसलेली आहेत.

याचे टोकाचे उदाहरण रायगड जिल्ह्यातील भिरा. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली आणून तेथे वीज तयार होते. वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी पायथ्याशीच अडवलेले आहे. पाण्याची वाण नाही. तरीही २८ मार्च २०१७ रोजी भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाली आणि हे लहानसे गाव देशभर चर्चेत आले. त्या नोंदीच्या अचूकतेविषयी शंकाही घेतल्या गेल्या, आणि ते योग्यच होते. मोजणीचे साधन कोठे बसवले आहे, यावर आकडा किती अवलंबून असतो, याची ती आठवण होती. परंतु काही अंश वजा केले तरी मूळ मुद्दा उरतोच. घाटपायथ्याच्या उतरत्या, कोरड्या वाऱ्यापुढे बाजूच्या जलाशयाचे फारसे चालत नाही.

धरणे मोठी, पण दूर

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांची एकत्रित साठवणक्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरांहून अधिक आहे. त्यांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या भातसाची. तानसा १८९२ पासून, मोडकसागर १९५७ पासून, तर मध्य वैतरणा २०१४ पासून या व्यवस्थेत आहे. ही धरणे आपल्या काठच्या गावांची दुपार थोडी सौम्य करीत असतील. ठाणे किंवा कल्याणला मात्र त्यांचा आधार नाही, कारण ती बरीच दूर आहेत. त्याहून मोठी अडचण ऋतूची आहे. सरोवराने उन्हाळ्यात उष्णता शोषावी, तर त्यात उन्हाळ्यात पाणी हवे. आपली धरणे नेमकी एप्रिल-मेमध्ये रिकामी होत जातात. अनेक वर्षी मेअखेर साठा दहा-वीस टक्क्यांवर येतो आणि पाण्याच्या जागी भेगाळलेला गाळ तळपत राहतो. याच दिवसांत भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. धरणाशेजारी तहान आणि तलावांच्या शहरात होरपळ, ही दोन्ही दृश्ये एकाच जिल्ह्यात दिसतात.

माठाचा न्याय

राहता राहिले शहरातील तलाव. ठाण्यात एकेकाळी साठाहून अधिक तलाव होते असे सांगितले जाते. आज ही संख्या पस्तिसाच्या आसपास आहे. कोपिनेश्वराच्या मंदिरासमोरील मासुंदा हा त्यांतला सर्वांत परिचित. ठाणेकरांच्या किती पिढ्या तलावपाळीवर संध्याकाळी हवा खाण्यासाठी आल्या असतील, याची गणती नाही. पण मासुंद्याला पायी वळसा घालण्यास अर्धा तासही लागत नाही. एवढ्याशा पाण्याने वीस लाखांच्या आसपासच्या शहराचे तापमान बदलेल, अशी अपेक्षा करणे अवाजवी होय.

मग तलाव निरुपयोगी ठरतात का? येथे घरातील माठाचे उदाहरण उपयोगी पडेल. नागपूर किंवा जळगावला मे महिन्यात माठातले पाणी दातांना बोचेल इतके गार होते. ठाण्यात तोच माठ तितका गार होत नाही. कारण माठ बाष्पीभवनाने निवतो, आणि दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. तलावाचेही तसेच आहे. खारा वारा सुटल्यावर हवा दमट होते. तेव्हा तलाव फारसे काही करू शकत नाही, उलट दमटपणात किंचित भरच घालतो. उथळ तलाव रात्रीही फारसा थंडावा देत नाही, कारण दिवसभर साठवलेली ऊब तो रात्री सोडत असतो. परंतु खारा वारा येण्यापूर्वीचे जे तास असतात, पूर्वेची कोरडी हवा वाहत असते, पारा वेगाने चढत असतो, त्या तासांत हाच तलाव माठासारखा काम करतो. बाष्पीभवनाला हवी असलेली कोरडी हवा त्याच वेळी मिळते. पाण्यावरून पलीकडे गेलेला वारा काठच्या काही गल्ल्यांना एखाद-दुसऱ्या अंशाचा दिलासा देऊ शकतो. त्यात काठावर वड, पिंपळ, आंबा अशी दाट झाडे असली तर सावलीची भर पडते आणि दिलासा वाढतो.

म्हणजे शहरातील तलाव ही स्थानिक, मर्यादित, पण ऐन कसोटीच्या वेळी कामी येणारी व्यवस्था आहे. एका मोठ्या तलावापेक्षा वस्तीवस्तीत विखुरलेली तळी या दृष्टीने अधिक मोलाची ठरतात. जुन्या गावांची रचना अशीच होती. गावठाण, त्याला लागून देऊळ, देवळापुढे तळे, तळ्याकाठी झाडे, पलीकडे भातखाचरे आणि त्यानंतर खाजण. आजवर जे गमावले, ते साठातून पस्तीस या वजाबाकीत मावणारे नाही. तळ्याभोवतीची ही सारी साखळीच तुटली आहे.

सुशोभीकरणाचा सोस

उरलेल्या तलावांचे काय चालले आहे, हे पाहण्यासाठी कोणत्याही तलावावर एक चक्कर पुरेशी आहे. भोवती काँक्रीटची संरक्षक भिंत, तिच्या कडेने पेव्हर ब्लॉकचा फिरण्याचा मार्ग, मध्ये कारंजे आणि रोषणाई. नगरसेवक, आमदार, महापालिका, स्मार्ट सिटी योजना, निधी कोणाचाही असो, आराखडा थोड्याफार फरकाने एकच. नागरिकांना फिरण्यास जागा हवी, तलावात कचरा पडू नये, यात दुमत नाही. परंतु भिंतीमुळे काठाची ओली माती आणि गवत नाहीसे होते, पावसाचे पाणी आणणारे ओहोळ तुटतात, आणि दुपारी तापणारा काँक्रीटचा पट्टा नेमका पाण्याच्या कडेला येऊन बसतो. ज्या काठाने वारा निवायचा, तोच काठ वारा तापवू लागतो. संध्याकाळी सातनंतर तेथे फिरणाऱ्याला हे जाणवत नाही. दुपारी एक वाजता तेथे हातगाडी लावणाऱ्याला जाणवते.

कायद्याची चौकटही येथे सैल आहे. गावतळी ही सार्वजनिक ठेव असून ती बुजवता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात दिला. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात तो अधिक कठोरपणे अधोरेखित केला. परंतु पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये न्यायालयाने ज्या २ लाख १ हजार ५०३ जागांना कवच दिले, त्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या होत्या. शहरांतील अनेक तळी या मापात बसत नाहीत. त्याच वर्षीच्या केंद्राच्या पाणथळ नियमांतून पिण्याचे पाणी, सिंचन, मनोरंजन आदींसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळण्यात आले. तलाव खोदलेला की नैसर्गिक, या वादात त्यामुळे पळवाट सापडते.

खाजणांची आणि कांदळवनाची कथा तुलनेने बरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनाला संरक्षण मिळाले. ठाणे खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा दर्जा लाभला. खाडी ही ठाण्याजवळची खऱ्या अर्थाने मोठी पाणथळ जागा आहे. तिच्या काठच्या ओल्या, हिरव्या पट्ट्यावरून वारा आत येतो तेव्हा तो काँक्रीटवरून आलेल्या वाऱ्यापेक्षा कमी तापलेला असतो. तरीही दिवा, मुंब्रा, डोंबिवलीच्या खाडीकिनारी भराव टाकून चाळी उभ्या राहिल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. त्या पत्र्याच्या चाळींत राहतात ते महानगरातील सर्वांत कमी मिळकतीचे लोक. खाजणाचा गारवा घालवून बांधलेले घर सर्वाधिक तापते, आणि त्याची किंमत भराव घालणाऱ्याला नव्हे, भाडेकरूला मोजावी लागते.

ठाणे शहराची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत ८ लाख होती. २००१ मध्ये ती १२ लाख ६२ हजार, तर २०११ मध्ये १८ लाख ४१ हजार झाली. कल्याण-डोंबिवलीनेही २०११ मध्ये साडेबारा लाखांच्या घरात मजल मारली, आणि २०१५ मध्ये आसपासची २७ गावे पालिकेत आली. घोडबंदर रस्त्यालगत आणि कल्याण-शिळ रस्त्यालगत जेथे भातखाचरे होती तेथे बहुमजली संकुले आहेत. लोकांना घरे हवीत, मुंबईत ती परवडत नाहीत. त्यामुळे ही वाढ अटळ होती. पण या वाढीत तापमानाचा विचार कोठेच नव्हता. खारा वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला इमारतींची भिंत उभी करू नये, एवढा साधा नियमही कोणत्या बांधकाम परवानगीत डोकावत नाही.

न मोजलेला उकाडा

या साऱ्याच्या मुळाशी मोजणीचा प्रश्न आहे. हवामान विभागाच्या निकषानुसार किनारपट्टीच्या केंद्रावर कमाल तापमान ३७ अंश वा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. मैदानी भागासाठी हीच सुरुवात ४० अंशांपासून होते. कल्याण किनारपट्टीवर आहे की मैदानात? समुद्रापासून तीस किलोमीटर आत असलेल्या या शहराला कोणता निकष लावायचा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. शिवाय ‘सरासरीपेक्षा अधिक’ म्हणण्यासाठी सरासरी हाती लागते, आणि ती काढण्यास तीस वर्षांची विश्वासार्ह नोंद लागते. कुलाबा आणि सांताक्रूझकडे ती आहे. डहाणूची वेधशाळा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा विभागला गेला आणि ती पालघरकडे गेली. ती होती तेव्हाही किनाऱ्यावरचीच होती. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आज स्वयंचलित केंद्रे आहेत आणि हौशी हवामान अभ्यासक आपापल्या यंत्रांच्या नोंदी हिरिरीने प्रसिद्ध करतात. पण या आकड्यांची लांबी आणि प्रमाणीकरण या दोन्ही बाजू लंगड्या असल्याने सरकारी निर्णय अजूनही सांताक्रूझच्या आधारेच होतात.

केवळ कमाल तापमानावर भिस्त ठेवणेही पुरेसे नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी लाखोंचा जनसमुदाय उघड्या मैदानात तासन्‌तास बसला होता. जवळच्या केंद्रावरचे तापमान सुमारे ३८ अंश होते. चंद्रपूर वा अकोल्याच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. तरीही त्या दिवशीच्या उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराचा माठ निवत नाही. कोकणातील ३८ अंश हे विदर्भातील ३८ अंश नव्हेत, हा धडा त्या दुर्घटनेने अत्यंत क्रूरपणे दिला.

करण्यासारखे पुष्कळ

निराश होण्याचे कारण नाही. अहमदाबादने मे २०१० च्या भीषण लाटेनंतर, ज्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, २०१३ मध्ये देशातील पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला. इशारे, रुग्णालयांतील तयारी, मजुरांच्या वेळा, पाणपोया अशा साध्या उपायांनी जीव वाचतात, हे त्या शहराने दाखवून दिले. ठाणे महापालिकेनेही २०२४ मध्ये ‘सीईईडब्ल्यू’ या संशोधन संस्थेच्या साहाय्याने असा आराखडा केला आहे. त्याची अंमलबजावणी दरवर्षी मार्चपूर्वी सुरू होते की नाही, यावर त्याचे यश ठरेल. उल्हास खोऱ्यातील शहरांचा भूगोल ठाण्यापेक्षाही कठीण असल्याने कल्याण-डोंबिवलीसाठी ठाण्याचा आराखडा उसना घेऊन भागणार नाही.

पहिले काम मोजणीचे. पारसिकच्या दोन्ही बाजूंना, प्रमाणित जागी, हवामान विभागाच्या देखरेखीखाली केंद्रे हवीत आणि त्यांच्या नोंदी रोजच्या चौकटीत कुलाबा-सांताक्रूझच्या बरोबरीने हव्यात. दुसरे काम तलावांचे. यापुढे तलावावर खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयाचा हिशेब रोषणाईऐवजी सावलीत आणि ओल्या काठात मागितला पाहिजे. भिंतीऐवजी उतरता, मातीचा काठ. पेव्हर ब्लॉकऐवजी झाडे. बंद झालेले ओहोळ पुन्हा मोकळे. सत्तावीस गावांतील आणि घोडबंदर पट्ट्यातील लहान तळ्यांची, ती सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान असली तरी, नोंद करून विकास आराखड्यात ती पाणी म्हणूनच दाखवली पाहिजेत. तिसरे काम वेळेचे. या परिसरात धोक्याचे तास खारा वारा येण्याआधीचे, साधारण अकरा ते तीन असे आहेत. बांधकामे, रस्त्यांची कामे आणि जाहीर सभा त्या तासांत थांबवणे यास निधी लागत नाही, केवळ आदेश लागतो. चौथे काम घरांचे. पत्र्याच्या छपरांवर पांढरा, उष्णता परतवणारा रंग हा सर्वांत स्वस्त उपाय असून तो वस्त्यांपर्यंत पोहोचवणे महापालिकांना अशक्य नाही.

अरल समुद्र आटला तेव्हा त्याच्या काठच्या लोकांना आपण केवळ मासेच नव्हे, तर हवामानही गमावत आहोत, हे उशिरा कळले. ठाणे-कल्याणचे पाणी त्या मानाने अगदी थोडे आहे, पण ते लोकवस्तीच्या ऐन मध्यावर आहे. समुद्राचा वारा किती वाजता यावा, हे कोणत्याही महापालिकेच्या हाती नाही. तो येईपर्यंतचे तास माणसाला सोसवतील असे करणे मात्र निश्चितच तिच्या हाती आहे. ‘तलावांचे शहर’ हे बिरुद मिरवायचे असेल, तर त्याची परीक्षा तलावपाळीवरच्या रोषणाईत नव्हे, एप्रिलच्या दुपारी तळ्याकाठच्या सावलीत होणार आहे.